पुढे गेलेली

माणूस कसा आहे हे त्याच्या तोंडावरून नाही, टाचेवरून कळतं, असं ती नेहमी म्हणायची. सत्तावीस वर्षं तिने पायांचीच कामं केली होती. एक पाय आखूड असलेल्यांसाठी जाड सोलचे बूट, मधुमेह्यांसाठी मऊ अस्तराचे, घोटा वळणाऱ्या मुलांसाठी पट्ट्यांचे. गिऱ्हाइकं तिला बूटवाल्या बाई म्हणत. खाली दुकान, वर घर. घरात थोरला भाऊ, वहिनी आणि ती. लग्नाचा विषय कुणी काढलाच तर ती म्हणे, लोकांचे पाय सांभाळता सांभाळता कुणाच्या गळ्यात पडायचं राहूनच गेलं.

दादा दोन वर्षांपूर्वी गेला. छातीचं दुखणं होतं, आठ महिने अंथरुणाला खिळून होता. डोंगरावरच्या देवस्थानापर्यंत अठरा मुक्कामांची पायी यात्रा करायची, हे त्याच्या मनात फार होतं. त्यासाठी तिने त्याला बूट शिवले, ते फडताळातच राहिले. वहिनींचे गुडघे जिना चढतानाच कुरकुरत, म्हणून या वर्षी दुकानाला महिनाभर कुलूप लावून तीच निघाली. ती काही देवभोळी नव्हती. देवावर तिचा राग नव्हता आणि भरवसाही नव्हता. ओळख नव्हती, एवढंच. दादाचं राहिलेलं पुरं करायचं, वहिनींच्या जिवाला बरं वाटेल, असा साधा हिशेब.

पहिले आठ मुक्काम सरळ गेले. पहाटे इतर यात्रेकरू निघत, ही मागाहून सावकाश निघे. गर्दीत चालायला तिला आवडत नसे. पुढच्याच्या पायांकडे नजर जाई आणि मग दिवसभर तेच डोक्यात घोळे. दोन्ही बाजूंना दगड रचून केलेली कुंपणं, मधून खडीचा रस्ता, कुठे ओढा, कुठे पडीक रान. संध्याकाळी मुक्कामघर. लांबलचक खोली, लोखंडी खाटा, दारात नोंदवही, मागे न्हाणीघर. जेवायचं, पायांना तेल लावायचं, झोपायचं. सहाव्या मुक्कामानंतर फोनला रेंज नव्हती, म्हणून तिथूनच वहिनींना सांगून ठेवलं होतं की आता पोचल्यावरच फोन करेन.

नवव्या मुक्कामावर ती चारच्या सुमाराला पोचली. ओसरीवर एक म्हातारा घमेल्यात पाय सोडून बसला होता. शेजारी त्याची बायको लोकर गुंडाळत होती आणि पायरीवर एक पन्नाशीची बाई कात्रीने पट्टी कापत होती. हिला बघताच म्हातारा खुशीत आला.

"आलात? या. तुमची युक्ती लागू पडली बरं का. मोज्याला आतून साबण घासला, एक फोड नाही आला."

युक्ती तिचीच होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हेच सांगे. पण या माणसाला तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तुमची काहीतरी गल्लत होतेय, असं ती म्हणाली, तर तो हसला. त्याने चाळीस वर्षं बस चालवली होती. चेहरे विसरतो, म्हणाला, पण एकदा उतरलेलं माणूस पुन्हा चढलं की बरोबर ओळखतो. सकाळी ओढ्यापासून टेकडीपर्यंत तुम्ही आमच्याबरोबरच होतात की. मग झपाझप पुढे गेलात. पुढे गेलात आणि मागून कशा आलात, तेवढं सांगा.

बायकोने त्याला कोपराने ढोसलं. कुणाला कधी एकटं असावंसं वाटतं, सगळं विचारायचं नसतं, असा त्याचा अर्थ. पायरीवरची बाई नर्स होती, सगळे तिला सिस्टर म्हणत. ती हिच्याकडे पाहून ओळखीचं हसली आणि सरकून जागा करून दिली.

ती बसली. थकलेल्या माणसांची अशी चूक होऊ शकते, हे तिला पटण्यासारखं होतं. रस्त्यावर तिच्या अंगकाठीच्या, करड्या शालीच्या बायका पन्नास असतील. साबणाची युक्तीही काही तिने शोधून काढलेली नव्हती. तरी त्या रात्री तिला झोप धड लागली नाही. या कुशीवरून त्या कुशीवर होताना खाट करकरत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा एकटीच निघाली. वाटेत तिला ते तिघं दिसले नाहीत. दहाव्या मुक्कामावर ते आधीच पोचलेले होते. ड्रायव्हरकाका झोपले होते. काकू तिची वाट बघत असाव्यात, कारण ती पाठपिशवी उतरवते तोच त्या जवळ येऊन बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"दुपारी तुम्ही जे सांगितलंत ना, ते माझ्या डोक्यातून जाईना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण इतकं लावून घेऊ नका. हात कामात अडकलेले होते तुमचे. काठी वाजली म्हणून उठायलाच हवं होतं, असं आज वाटतं. त्या वेळी माणसाला कुठे कळतं?"

तिचा हात काकूंच्या हातात होता तसाच राहिला. त्या काठीबद्दल तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

दादाच्या उशाशी काठी असे. काही लागलं की तो ती जमिनीवर आपटे, खाली दुकानात आवाज येई आणि कुणीतरी वर जाई. त्या दुपारी वहिनी औषधाला गेल्या होत्या. तिने सोलला चिकटवायचं सोल्यूशन लावून बूट लाकडी फर्म्यावर नुकता दाबून धरला होता. हात काढला तर सोल सरकणार, काम वाया जाणार. काठी वाजली. आले, असंसुद्धा ती म्हणाली नाही. दिवसातून वीसदा वाजायची ती काठी. कधी पाणी, कधी खिडकी, कधी नुसतीच सोबत. थोड्या वेळाने पुन्हा वाजली. तिने बूट दाबून धरला. मग वाजली नाही. काम झाल्यावर हात पुसून ती वर गेली, तेव्हा दादा अर्धा खाटेबाहेर होता. तिने त्याला नीट निजवलं, चादर सारखी केली, काठी उशाशी ठेवली. वहिनी आल्यावर म्हणाली, झोपेतच गेला, काही आवाज झाला नाही. त्यावर वहिनी दोन वर्षं जगत होत्या. निदान त्रास तरी झाला नाही त्यांना, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

"किती वेळा म्हणाले मी?" तिने काकूंना विचारलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"काय?"

"काठी. किती वेळा वाजली म्हणून सांगितलं?"

काकूंनी तिच्याकडे जरा चमकून पाहिलं. "तीनदा. तीनदा म्हणालात."

ती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. दोनदा वाजली होती. तिला पक्कं आठवत होतं. दोनदाच.

अकराव्या दिवशी पहाटे पाऊस होऊन गेला होता. ओढ्याच्या पलीकडे चिकणमातीचा पट्टा लागला, आणि तिथे पावलांचे ठसे होते. सवयीने ती वाकून वाचायला लागली. एक जड म्हाताऱ्याचे, दोन्ही पाय बाहेर फाकणारे. ते ड्रायव्हरकाका. एक आखूड पावलांचे, काकूंचे. एक रबरी बुटांचे, घाईचे, सिस्टरचे. आणि त्यांच्या बरोबरीने चौथे. डावी टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली, आणि तिथे अर्धचंद्रासारखा टायरचा तुकडा ठोकलेला.

निघायच्या आदल्या दिवशी तिने तो तुकडा स्वतःच कापला होता. बुटांची जोडी तिने स्वतःच्या पायाच्या मापाने बेतली होती, स्वतः शिवली होती, आणि ती आत्ता तिच्या पायात होती. तिने पाय उचलून ठशाशेजारी ठेवला. दाबला. उचलला. दोन ठसे शेजारी शेजारी होते आणि त्यांच्यात कुठेही फरक नव्हता. नाही म्हणायला एक होता. पुढे गेलेलीचा ठसा उथळ होता. तेवढ्याच उंचीची, तेवढ्याच पावलांची बाई, पण चालणं हलकं, पाठीवर काही ओझं नसल्यासारखं.

त्यानंतर तिला चैन पडेना. मुक्कामावर ती एका जागी बसेना. ओसरीवरून खोलीत, खोलीतून रस्त्यावर, पुन्हा ओसरीवर. काका म्हणाले, दुपारी तर तुम्ही आम्हाला हसवून हसवून मारलंत, आता पायाला भिंगरी लागली की काय? त्या बाईने काय सांगितलं, ते ती आडून आडून काढून घेऊ लागली. लहानपणी दादाने तिला शिकवलेली शिट्टी. वहिनी घरात आल्या त्या दिवशी ती माळ्यावर लपून बसली होती ती गोष्ट. सगळं खरं होतं. काही तर ती स्वतःही विसरून गेली होती, आणि काकूंच्या तोंडून ऐकताना तिला ते आठवत होतं.

बाराव्या दिवशी ती उजाडताच त्या तिघांबरोबर निघाली आणि संध्याकाळपर्यंत क्षणभरही त्यांना सोडलं नाही. पाणी प्यायला थांबले तर थांबली, बसले तर बसली. कुणीही आलं नाही. पण दिवस काही बरा गेला नाही. बोलणं जमेना. काका दोन-तीनदा विनोद करून गप्प झाले. काकू तिच्या पलीकडे बघत राहिल्या, मागच्या वळणाकडे, जणू कुणाची तरी वाट पाहत होत्या. शेवटच्या चढावर सिस्टर तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "बरं नाहीये का तुम्हाला? काल वेगळ्याच होतात." आणि मग, नकळत बोलून गेल्यासारखी, "काल बऱ्या होतात."

ते शब्द तिला लागले. इतकी वर्षं लोकांचं दुखणं हाताने चाचपून ओळखणाऱ्या बाईला दुसरी एक बाई सांगत होती की तू नकोस, ती बरी.

त्या रात्री तिने ठरवलं. पुढे जायचं. तिच्याही पुढे जाऊन उभं राहायचं आणि समोरासमोर बघायचं की हे कोण आहे.

सकाळी दुधाची गाडी खालच्या रस्त्याने जायची. यात्रेत वाहनात बसायचं नसतं, पण तिने चालकाला विनंती केली आणि कॅनांच्या मध्ये बसून नऊ वाजता तेराव्या मुक्कामावर पोचली. हे मुक्कामघर रस्त्याच्या एका टोकाला होतं. समोर खडीचं अंगण, त्याला फाटक, फाटकातून सरळ पलीकडच्या उतारापर्यंतची वाट दिसे. चोरून कुणी येईल असं काही नव्हतंच. ती फाटकाजवळच्या बाकावर बसली. मुक्कामघर सांभाळणाऱ्या बाईने चहा आणून दिला, तो निवला. दुपारी पाव आणून दिला, तोही तसाच राहिला. यात्रेकरू एकेक करून आले. तिने प्रत्येकाचे पाय पाहिले, मग चेहरे पाहिले.

चार वाजता उतारावर ते तिघं दिसले. तिघंच. तिच्या छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. ती उठून उभी राहिली.

काका फाटकात थबकले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"तुम्ही इथे कशा?" ते म्हणाले. "आत्ता तर झऱ्यावर पाय धूत बसला होतात. तुम्ही व्हा पुढे, मी येतेच सावकाश, असं म्हणालात आम्हाला."

काकूंनी नवऱ्याचा दंड धरला. तिघंही तिच्या बाजूने, जरा अंतर राखून, आत गेले. त्यानंतर ते मागच्या अंगणात गेले ते इकडे फिरकलेच नाहीत.

झरा अर्ध्या तासाच्या अंतरावर होता.

ती बाकावर बसली. उठली. पुन्हा बसली. सूर्य डोंगराला टेकला. कुंपणाच्या सावल्या लांब होऊन अंगणात आल्या. यायचे ते सगळे आले होते, खोलीत भांड्यांचे आवाज येत होते. वाट रिकामी होती. मग ती रिकामी राहिली नाही.

उतारावर करडी शाल दिसली.

चेहरा दिसण्याइतकं जवळ नव्हतं. चाल दिसत होती. आपली चाल आपण कधी बघत नाही. तिने हजारो माणसांची चाल पाहिली होती, स्वतःची कधी पाहिली नव्हती, तरी पहिल्या चार पावलांतच तिला कळलं. डावा पाय किंचित ओढत, खांदा किंचित पाडून. आणि ती बाई घाईत नव्हती. जिथे जायचं तिथे आपण पोचणारच, अशा चालीने ती येत होती.

बघायचं ठरवलं होतं. दिवसभर त्यासाठीच बसली होती.

ती आत गेली. बायकांच्या खोलीत कुणी नव्हतं. तिने दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

फाटक वाजलं. मग खडी. एक पाय स्वच्छ, एक पाय घासत. खडी संपली, ओसरीची फरशी आली. पावलं दारापाशी येऊन थांबली.

दारावर थाप पडली. एकच.

ती हलली नाही.

थोडा वेळ गेला. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, चढून आलेल्या माणसाचा, पण शांत. पुन्हा थाप पडली.

कोण आहे, एवढंच म्हणायचं होतं. कडी हाताच्या अंतरावर होती. तिने हात उचलला, कडीवर ठेवला, आणि तसाच दाबून धरला.

बराच वेळ काहीच झालं नाही. गेली, असं तिला वाटलं.

मग तिसरी थाप पडली. अगदी हलकी. हातात जोर न उरलेल्या माणसाने मारावी तशी.

आणि तिला आठवलं. त्या दुपारी तिसऱ्यांदा काठी वाजली होती. आपटली नव्हती, नुसती फरशीवर टेकल्यासारखी वाजली होती. तिने ऐकली होती, आणि त्याच क्षणी गुणगुणायला सुरुवात केली होती, म्हणजे ऐकू येऊ नये.

पावलं निघून गेली.

ती केव्हा खाटेवर पडली आणि केव्हा झोपली ते तिला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा उन्हं खोलीत आली होती. कडी काढलेली होती, बाकीच्या खाटा आवरलेल्या होत्या. सांभाळणारी बाई झाडत होती. हिला बघून तिचा केरसुणीचा हात थांबला. तुम्ही त्या म्हाताऱ्या जोडप्याबरोबर पहाटेच गेलात ना, असं तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, मलाच भास झाला असेल. आणि पुन्हा झाडायला लागली, पण हिच्या खाटेजवळ काही आली नाही.

पुढचे मुक्काम ती जवळजवळ धावतच गेली. पंधराव्या मुक्कामाच्या अलीकडे तिचा पाय मुरगळला. घोटा भोपळ्यासारखा सुजला आणि तीन दिवस तिला खाटेवर काढावे लागले. त्या तीन दिवसांत तिने एकच गोष्ट मनाशी घोकली. वर पोचायचं, रेंज आली की वहिनींना फोन करायचा आणि सांगून टाकायचं. तीनदा वाजली होती. मी ऐकलं होतं. वहिनी बोलणं सोडतील, घर सोडतील, काय करायचं ते करतील. पण सांगायचं. तेवढं ठरल्यावर तिला त्या आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

शेवटच्या चढावर, देवस्थान डोळ्यांना दिसायला लागल्यावर, वरून परतणारे लोक भेटू लागले. त्यांत ड्रायव्हरकाका आणि काकू होते. वर दोन दिवस राहून निघाले असावेत. तिला इतका आनंद झाला की ती वाटेतच हात पसरून उभी राहिली.

काका थांबले. वाटेवरच्या कुठल्याही माणसाकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"पोचाल, पोचाल," ते म्हणाले. "थोडंच राहिलंय. पाय दुखावलाय वाटतं?"

"काका, मी," ती म्हणाली.

ते सौजन्याने वाट बघत राहिले. काकूंनी तिच्या घोट्याकडे पाहून चुकचुक केलं.

"आमच्याबरोबर एक बाई होत्या," काकू म्हणाल्या, "बूट शिवणाऱ्या. त्या असत्या तर दोन मिनिटांत बांधून दिला असता. फार गुणी बाई. मनावर मोठं ओझं घेऊन निघाल्या होत्या, पण वर पोचेपर्यंत कशा फुलासारख्या झाल्या. परवाच घरी गेल्या, बसने."

मग त्या दोघांनी तिला नमस्कार केला आणि उतरू लागले. काकांचे दोन्ही पाय बाहेर फाकत होते. वळणावर जाईपर्यंत ती बघत राहिली. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

वर ती देवळात गेली नाही. बाहेरच्या कट्ट्यावर बसून तिने फोन चालू केला. रेंज होती. तिने घरचा नंबर लावला.

वहिनींनी लगेच उचलला. दोन वर्षांत ऐकला नव्हता असा मोकळा आवाज होता त्यांचा.

"हॅलो?"

"वहिनी, मी बोलतेय."

"कोण?"

"मी. वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय. दादाचं."

"आवाज नीट येत नाहीये हो," वहिनी म्हणाल्या. "बुटांचं काम आहे का? वन्सं आल्यात यात्रेहून, खाली कामाला बसल्यात. कोण बोलतंय म्हणून सांगू?"

त्यांच्या आवाजामागे, खालच्या मजल्यावरून, खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. सावकाश, एकसारखा. तिने तोंड उघडलं. देवळाबाहेर माणसं येत-जात होती, तिच्या पायांना वळसा घालून.

पलीकडे ठोकणं थांबलं.

"वन्सं," वहिनींनी जिन्याकडे तोंड करून हाक दिली, "फोन आहे. कुणीतरी आहे, पण बोलत नाहीये."

खालून उत्तर आलं. आवाज थकलेला नव्हता, रागावलेलाही नव्हता.

"राहू द्या, वहिनी. ती नाही बोलायची."

आणि हातोडी पुन्हा सुरू झाली.